सोशिक बाई, नाजूक बाई

बाई जात्याच सोशिक, असं आपल्याला कायम ऐकवलं जातं. मग सोसण्याचीच शर्यत आली की तीच बाई नाजूक कशी ठरते?

फ्रान्समध्ये १९२२ साली 'बोल दोर' ही २४ तासांची मोटारसायकल शर्यत सुरू झाली. सुरुवातीला एकच स्वार दिवसरात्र गाडी चालवायचा. म्हणे, मर्दानी खेळ! पण १९२७ साली इंग्लंडमधल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मार्जोरी कॉटल आणि तिच्या दोन सहकारिणींनी रौप्य चषक जिंकला. तरीही १९६२ साली आइल ऑफ मॅनची शर्यत बेरिल स्वेनने पूर्ण केल्यावर तिचा परवानाच काढून घेतला गेला.

दम कमी पडला नव्हता; परवानगी नाकारली होती. मैत्रिणींनो, घरातलं सोसणं गौरवायचं आणि रस्त्यावरचं रोखायचं, हा डाव ओळखूया!