धूर घरातून जावा, मासळीवरून नको

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तेव्हा तिथल्या माडिया आदिवासींच्या घरात चुलीवर टांगून धुरावलेली मासळीच कामी येते. मंद आचेने तिच्यातले पाणी आटते, धुरातली फिनॉलसारखी द्रव्ये जंतूंना आणि खवटपणाला आवर घालतात. फ्रीज लागत नाही, वीज तर नाहीच. २०१६च्या उज्ज्वला योजनेने गरिबाघरी गॅस नेला, हे उत्तमच. चुलीच्या धुराने बायकांची फुप्फुसे खराब होतात, हा आक्षेप शंभर टक्के खरा. पण रोजचा स्वयंपाक वेगळा आणि अधूनमधून मासळी धुरावणे वेगळे. अर्थात, चरबी निखाऱ्यावर ठिबकली की घातक धूर मासळीलाच चिकटतो. म्हणून जाळ नको, धग हवी. आणि तो धूर घरात कोंडू नये म्हणून घरकुल मंजूर करताना अंगणात छपराखालची एक चूल नकाशातच धरा.