खड्याच्या चिठ्ठीवर सापडले तेच गाव लिहावे

आमच्या वर्गाच्या कपाटात मुलामुलींनी गोळा केलेले दगड आहेत. त्यांत पट्ट्यापट्ट्यांचे अकीक नऊ आहेत. आता प्रत्येक खड्यापुढे चिठ्ठी ठेवायची आहे, आणि चिठ्ठीवर काय लिहावे यावरून वर्गात दोन तट पडले आहेत. काही जण म्हणतात, "खंबायतचा अकीक असं लिहू या, बघणाऱ्याला भारी वाटेल." मला हे पटत नाही. माझे मत असे की, खडा जिथे सापडला तीच जागा लिहावी. तो मुळात कुठला, हे पक्के कळल्याशिवाय लिहू नये.

आधी अकीक कसा होतो ते पाहू. आपल्याकडचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन झाला. रसातले वायूचे बुडबुडे आत अडकले आणि ढोकळ्याला जाळी पडते तशा पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपले. पाण्यात विरघळलेली सिलिका थरावर थर बसत गेली, म्हणून अकीकाला पट्टे असतात. काळा दगड ऊनपावसाने झिजून त्याची माती होते, पण अकीक तसाच उरतो. चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. उलट तोच काचेवर ओरखडा काढतो! मग पावसाचे पाणी त्याला शेतातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत नेते.

आपली प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडाजवळ उगम पावते. तिथपासून आपल्या गावापर्यंत सगळा काळाच दगड. मग वाळूत सापडलेला खडा यातल्या कोणत्या शिवारातून आला, हे नुसते बघून कोण सांगणार?

काही खुणा मात्र खड्याच्या अंगावर असतात. साल खडबडीत, खळग्याखळग्यांची असेल, काळ्या दगडाचा तुकडा अजून चिकटलेला असेल, तर तो लांबून आलेला नाही. गुळगुळीत, गोटीसारखा झालेला असेल तर त्याने पाण्यात पुष्कळ प्रवास केला आहे. भोक पाडलेले किंवा चकाकी दिलेली असेल तर त्याला माणसाचा हात लागला आहे. पण रंगावर जाऊ नये. एकाच ओढ्यात पांढरा, राखी, लालसर असे सगळे मिळतात. खंबायतचे कारागीर खडे भाजून लाल करतात हे खरे, पण लोखंडाचा अंश असला की न भाजलेला खडाही लालसर असू शकतो. लाल दिसला की खंबायतचा, हे काही खरे नाही.

आणि खंबायतचा म्हणजे तरी कुठला? तिथे मोठा धंदा घडवण्याचा. दगड बराचसा भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून येतो. त्या खाणींतही तो गोट्यांच्या थरात सापडतो, म्हणजे तिथेही तो काळ्या दगडातून सुटून वाहत आलेला आहे.

याहून गमतीची गोष्ट पैठणची. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात आहे की, पैठणहून पट्ट्यांचे दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात नेत असत. तिथून ते परदेशी जात. आता बोला! विकत घेणाऱ्याने "भडोचचा दगड" म्हटले असेल, पण तो आला होता आपल्या गोदावरीकडून. बाजाराचे गाव आणि दगडाचे गाव एक नसते.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञांना द्या, ते सांगतील. शास्त्रज्ञ खड्यातल्या मूलद्रव्यांचे अगदी बारीक अंश मोजतात आणि माहीत असलेल्या खाणींतल्या दगडांशी ताडून पाहतात. पण ताडायला आधी जागा माहीत असलेले दगड लागतात. चिठ्ठीवर खोटे गाव असेल तर प्रयोगशाळासुद्धा फसेल.

सगळ्यांत महत्त्वाचे पांढरीचे. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपण पांढर म्हणतो. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले. तिथे अकीकाच्याच जातीच्या दगडाची लहान लहान पाती मिळाली. माणसांनी ती हत्यारे म्हणून काढलेली होती. कोणत्या थरात काय होते हे लिहून ठेवले, म्हणून त्या माणसांचे जगणे आज आपल्याला कळते. तेच पाते कोणी खिशात घालून आणले आणि कपाटात टाकले तर ती नुसती गारगोटी. म्हणून पांढरीवरचा खडा उचलूच नये. जागा लक्षात ठेवून गुरुजींना सांगावे.

"एवढ्याशा खड्याला एवढं कशाला?" असे आमच्यातले काही जण विचारतात. मी म्हणते, खडा हरवला तर दुसरा मिळेल, पण तो कुठे सापडला हे विसरले तर ते परत मिळत नाही. दगडाला तोंड नाही. त्याच्या वतीने आपणच बोलायचे, मग खरे बोलायला नको का?

तेव्हा चिठ्ठीवर चारच गोष्टी असाव्यात: कुठे सापडला (नदी, ओढा, शेत की विहिरीचा खोदलेला दगड), केव्हा, कोणाला, आणि सापडला तेव्हा कसा होता. जत्रेतून आणला असेल तर "जत्रेत विकत घेतला" असे सरळ लिहावे, त्यात लाज कसली? मूळ गाव ठाऊक नसेल तर ती जागा कोरी सोडावी.

पालकांनाही एक विनंती आहे. विहिरीच्या कामावर, नांगरताना पट्ट्यांचा खडा दिसला तर मुलांना जरूर द्या, पण कोणत्या शेतातला, किती खोलातला, तेही सांगा. त्या दोन शब्दांनी खड्याची किंमत वाढते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी