धाब्याचा कठडा आणि आपली मुले

उंच इमारतीच्या खिडकीतून किंवा गॅलरीतून लहान मूल पडल्याची बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. दोन दिवस हळहळ व्यक्त होते, ‘आईचे लक्ष कुठे होते?’ असे विचारले जाते आणि विषय मिटतो. हा प्रश्न अन्यायकारक तर आहेच. शिवाय तो उपायाकडे नेत नाही.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने १९७२ साली ‘मुले उडू शकत नाहीत’ या नावाची मोहीम हाती घेतली. कार्यकर्ते घरोघरी गेले. कुटुंबांना खिडकीचे संरक्षक गज विनामूल्य दिले. ब्रॉंक्स भागात १९७३ ते १९७५ या काळात असे अपघात निम्म्यावर आले. पुढे १९७६ साली, दहा वर्षांपर्यंतची मुले असलेल्या भाड्याच्या घरांना गज पुरविण्याची सक्ती इमारतमालकांवर करण्यात आली. जबाबदारी एकट्या आईवरून घर उभारणाऱ्यांवर आली.

ख्रिस्ती भाविकांना हा विचार नवा नाही. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, या अर्थाची आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे (अनुवाद २२:८). अपघात ही ‘देवाची इच्छा’ मानून स्वस्थ बसणे या आज्ञेशी विसंगत ठरते.

वसई परिसरात ओटी-अंगणाच्या बैठ्या घरांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. मुलांच्या सवयी मात्र त्याच राहिल्या. म्हणून खिडकीखाली पलंग, खुर्ची वा टेबल ठेवू नये. डासांची जाळी मुलाचे वजन पेलत नाही. गजांमधील अंतर चार इंचांपेक्षा कमी असावे. आडव्या गजांची शिडी होते, म्हणून उभे गज बरे. आगीच्या वेळी बाहेर पडता यावे यासाठी ग्रिलला मोठ्यांना उघडता येणारा भाग हवाच. बाप्तिस्म्याला चाकांचा वॉकर भेट देण्यापूर्वीही विचार करावा; जिन्यावरून पडण्याच्या धोक्यामुळे कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

मूल पडल्यानंतर उलट्या, गुंगी वा झटके आल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रत्येक धर्मग्रामातील लघु ख्रिस्ती समूहांनी आपापल्या इमारतींची पाहणी करावी आणि ज्या कुटुंबाला ग्रिलचा खर्च झेपत नाही, त्याला हातभार लावावा. बालकांना जवळ घेणाऱ्या प्रभू येशूच्या अनुयायांचे हे साधे कर्तव्य आहे.