गाणे कोणत्या पायरीवर आहे?

आपल्या जयंतीत आज गाण्यांची वाण नाही. वाण आहे ती कसाची. चाल सिनेमाची, शब्द घाईचे, त्यात बाबासाहेबांचे नाव घातले की झाले भीमगीत, असा समज बळावत चालला आहे. तो आम्हाला मान्य नाही.

नक्कल करणे हा काही गुन्हा नव्हे. महाकवी वामनदादा कर्डकांचे १९४३ सालचे पहिले गीत हे हिंदी सिनेगीताचे विडंबनच होते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस मुंबईत कष्ट उपसता उपसता मोठेपणी अक्षरे शिकला. पण दादा त्या पायरीवर थांबले नाहीत. पुढे शब्द स्वतःचे झाले, त्यांत बाबासाहेबांचा विचार उतरला आणि अखेर गाणे एकट्या वामनाचे न राहता वस्तीचे झाले. २००४ साली दादा गेले. गाणी मात्र आयाबायांच्या ओठी आहेत.

उसने, स्वतःचे आणि समाजाचे, अशा या तीन पायऱ्या. आजचे अनेक गायक पहिलीवरच अडकले आहेत. दोष एकट्या त्यांचा नाही. वर्गणी डीजेला आणि शाहिराला नुसती शाल, हा हिशेब आपलाच आहे. पोट भरत नाही तेथे रियाज कोठून होणार?

म्हणून मंडळांना आमचे सांगणे आहे: येत्या १४ एप्रिलला शाहिराला रीतसर मानधन द्या आणि त्याच्याकडून कसदार नवे गीत हक्काने मागा. टाळी स्वस्त झाली की गाणेही स्वस्त होते. जयभीम!