पेंटरांची पाटी पुसू नका

गावातल्या पेंटरने दुकान बंद केले, तर त्याची बातमी होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीच्या परिसरात ती व्हायला हवी. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर मालकाचे नाव, गाव आणि कुलदैवत रंगवायचे ते पेंटरनेच. दूध संस्थेची पाटी, तालमीचे नाव, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, कुस्ती मैदानाचा फलक, निवडणुकीची भिंत, सगळे त्याच्याच हातचे. फ्लेक्स आला आणि हे काम त्याच्या हातून निसटत गेले. सकाळी मजकूर द्यावा आणि संध्याकाळी फलक टांगावा, या वेगापुढे ब्रश टिकला नाही. म्हणून जो दुकान आवरतो त्याची कीव करू नये. त्याचा सत्कार करावा, कारण तो कोल्हापूरच्या फार मोठ्या परंपरेचा वारसदार आहे.

या शहरात ‘पेंटर’ हा धंदा आडनाव होऊन बसला. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्या पडद्यांनी त्यांना इतके नाव दिले की मूळ आडनाव मागे पडले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. दोघांनी मिळून पाहिलेले सिनेमाचे स्वप्न बाबूरावांनी एकट्याने पुढे नेले, स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तिच्या भांडवलाला हातभार लावला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. बिद्री ज्या तालुक्यात येते, त्या कागलचेच नाव हे. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. बाबूराव आपल्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवत आणि प्रेक्षकांच्या हाती छायाचित्रांसह माहितीची पुस्तिकाही देत. आज ज्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात, ते काम कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी इतक्या गंभीरपणे चालत होते.

पुढे बोलपट आला आणि कंपनी बंद पडली. पण तिथे घडलेली माणसे वाया गेली नाहीत. दामले, फत्तेलाल, शांताराम बाबूरावांच्याच हाताखाली तयार झाले. १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ फिल्म कंपनी सुरू केली. फत्तेलाल तर मुळात चित्रकारच. त्यांच्या नेपथ्यातून ‘प्रभात’च्या चित्रपटांना रूप मिळाले. याच शहराचे जी. कांबळे सिनेमाची पोस्टर्स रंगवण्यात नावाजले, आणि त्यांनी काढलेले शिवछत्रपतींचे चित्र राज्य शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. पोस्टर रंगवणारा हात कुठवर पोहोचू शकतो, याचा याहून मोठा दाखला नको.

माणसे पुढे गेली, कागद मात्र राहिला नाही. बाबूरावांच्या ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे पोस्टर हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भारतीय सिनेपोस्टर मानले जाते. त्याआधी आणि त्या सुमारास रंगवलेले बहुतेक सारे काळाच्या पोटात गेले. पोस्टर म्हणजे आठवडाभराची गोष्ट, खेळ उतरला की फाडायची, अशीच तेव्हाची समजूत होती. आज गावोगावच्या पाट्यांच्या बाबतीत आपण तेच करत आहोत. जुनी पाटी काढली की ती भंगारात जाते, रंगवलेल्या भिंतीवर चुना फिरतो.

या पाट्यांत जपण्याजोगे काय, असे कोणी विचारील. पेंटर दोरीने रेघ मारतो, अक्षरांची जागा डोळ्यांनी मोजतो आणि मग ब्रश टेकवतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार, तर खाली उकार. दीड फुटाच्या पत्र्यावर एवढे सगळे बसवून ते रस्त्यापलीकडून वाचता यावे, ही विद्या कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही. ती उस्तादाच्या शेजारी डबे धरून उभ्या राहिलेल्या पोराला मिळाली. संगणकावर अक्षर जागेत बसत नसेल तर ते आडवे ताणता येते. पेंटरला तसे चालत नसे, त्याला अक्षराचा तोल सांभाळूनच वाट काढावी लागे. प्रत्येकाचा ‘क’ आणि ‘श्र’ वेगळा, आणि जाणकार तो पाहून कोणाचा हात आहे ते सांगत.

हे सारे वाचवायला मोठा निधी लागत नाही. दुकान बंद होण्याआधी त्यातले नमुने, स्टेन्सिल आणि कच्ची रेखाटने कोल्हापूरच्या कला महाविद्यालयांनी मागून घ्यावीत. विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून गावोगावच्या पाट्यांची छायाचित्रे काढावीत आणि खाली पेंटरचे नाव लिहावे. ज्येष्ठ पेंटरांच्या मुलाखती शिवाजी विद्यापीठाने ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. कारखाना, ग्रामपंचायत आणि दूध संस्था यांनी आपली मुख्य पाटी तरी हातानेच रंगवून घ्यावी आणि त्या कामाला योग्य मोल द्यावे.

बाबूराव पेंटर यांच्या नावाने कोल्हापूर अभिमान मिरवते, आणि तो रास्त आहे. पण त्यांच्या परंपरेतला शेवटचा पेंटर दुकानाची फळी लावत असताना आपण तिकडे फिरकलो नाही, तर त्या अभिमानाला अर्थ उरत नाही. तुमच्या गावातला पेंटर अजून दुकानात बसत असेल, तर या आठवड्यात त्याच्याकडे जा, त्याच्या कामाचे फोटो काढा आणि त्याला एक पाटी रंगवायला द्या.