खवल्यांची साक्ष

ज्यांना जबडा नव्हता, ज्यांच्या अंगात अश्मीभूत होण्यासारखा अस्थिपंजर नव्हता आणि ज्यांचा वंश डेव्होनियन कालखंडाच्या अखेरीपर्यंत समूळ नष्ट झाला, अशा थेलोडॉन्ट नामक माशांविषयीचे आपले ज्ञान बहुतांशी मिलिमीटरभराच्या सुट्या खवल्यांवर उभे आहे, असे कळले म्हणजे चांगला सुशिक्षित मनुष्यही साशंक होतो; खवल्यावरून मासा ओळखणे एकवेळ मान्य, परंतु तो कोठे राहत होता आणि कसा पोहत होता हे सांगणे हा निव्वळ कल्पनाविलास, अशी त्याची हरकत असते. ही हरकत मला ग्राह्य वाटत नाही.

चुनखडीचा तुकडा सौम्य आम्लात विरघळू द्यावा, तळाशी राहिलेला गाळ धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण वेचावा, तेव्हा हा खवला हाती येतो. त्याची घडण दातासारखी असते : खाली त्वचेत रुतणारे बूड, आत मगजाची पोकळी आणि वर दंतद्रव्याचा मुकुट, कोठे गुळगुळीत, कोठे बारीक समांतर कंगोऱ्यांचा, कोठे काट्यासारखा टोकदार. कोकणच्या बंदरावर मुशीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवणाऱ्याच्या तळव्याला जी खरखर लागते, ती याच घडणीच्या खवल्यांची होय.

या साम्यातच अनुमानाचे मर्म आहे. हयात मुशींच्या त्वचेचा सूक्ष्म अभ्यास करून वोल्फ-एर्न्स्ट राइफ या जर्मन शास्त्रज्ञाने 1985 साली दाखवले की, वेगाने पोहणाऱ्या माकोसारख्या मुशीचे खवले लहान नि बारीक कंगोऱ्यांचे असतात, खडकाळ तळाशी वावरणाऱ्यांचे जाड, गुळगुळीत व झीज सोसणारे असतात, तर काही मंदगती जातींचे काटेरी खवले परजीवींना अंगावर बसू देत नसावेत. व्हॅलेन्सिया येथील उंबेर्तो फेरॉन आणि एक्तोर बोतेया यांनी 2017 साली हाच निकष थेलोडॉन्टांना लावला, तेव्हा त्या जबडाहीन कुळातही अशीच विविधता आढळली. म्हणजे ते सर्व चिखलात तोंड खुपसून पडलेले मंद जीव होते, ही जुनी समजूत टिकत नाही.

अर्थात सगळ्या अनुमानांची पत सारखी नसते, आणि वृत्तपत्रांनी ती सारखी मानून रंगीत चित्रे छापावीत हे मला गैर वाटते. कंगोऱ्यांमुळे पाण्याचा विरोध घटतो याला द्रवगतीच्या नियमांचे पाठबळ आहे; काट्यांवरून परजीवींचा निष्कर्ष काढताना मात्र आधार मुख्यतः सादृश्याचाच असतो. शिवाय एकाच माशाच्या डोक्यावरचे खवले निराळे व धडावरचे निराळे असल्याने सुटा खवला अंगाच्या कोणत्या भागाचा, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो; स्कॉटलंडमधील लॅनर्कशायर आणि एस्टोनियातील सारेमा बेट येथे सापडलेल्या अखंड शरीरांचे मोल म्हणूनच फार मोठे आहे.

परंतु अखंड जीवाश्मांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, चिंता मला हयात मुशींची वाटते. मृतांचे दप्तर वाचण्याची लिपी त्यांच्या अंगावर आहे, आणि बेसुमार मासेमारीमुळे त्यांच्या कित्येक जाती जगभर झपाट्याने घटत आहेत. आपल्या किनाऱ्यावर केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था मासळीच्या आवकेची नोंद ठेवते. त्या नोंदीबरोबर ससून डॉक, मिरकरवाडा अशा बंदरांवर उतरणाऱ्या मुशींच्या प्रत्येक जातीचे डोके, पाठ, पोट व पर यांवरील त्वचेचे नमुने घ्यावेत, आणि ती किती खोल पाण्यात, खडकावर की रेतीवर सापडली, ही तांडेलाची माहितीही त्यांच्यासोबत दाखल करावी.