हुंकाराचा प्रश्न

अंकीय कथन म्हणजे मौखिक परंपरेचे पुनरागमन, असे एक समीकरण आपल्या समीक्षेत विनातक्रार रूढ होऊ पाहत आहे. त्यासाठी वॉल्टर ऑंग यांची १९८२ च्या ग्रंथातील ‘दुय्यम मौखिकता’ हाताशी असतेच. ही मौखिकता लेखन-मुद्रणाच्या पायावरच उभी असते, असे ऑंग यांनी बजावले होते. ते मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. आवाज ऐकू आला की मौखिकता आली, इतकी ही समजूत ढोबळ आहे.

गोंधळात नायक आख्यान लावतो तेव्हा साथीदार नुसता सूर धरून उभा राहत नाही. तो शंका काढतो, श्रोत्यांच्या वतीने आख्यान अडवतो. वगातला सोंगाड्या राजाचेही बोलणे धड पुरे होऊ देत नाही. आजीच्या गोष्टीलासुद्धा ‘हूं’ लागतो. तो थांबला की गोष्ट थांबते. मौखिकतेचे मर्म असे ऐकणाऱ्याच्या अधिकारात आहे. चित्रफितीखाली उमटणारा अभिप्राय हा हुंकार नव्हे. तो उमटतो तेव्हा सांगणारा उठून गेलेला असतो.

प्रतिसरकारचे उदाहरण घेऊ. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी पुणे-मिरज गाडी तुफान सेनेने अडवली. त्या सेनेचे कुंडलचे ‘कॅप्टन भाऊ’, रामचंद्र श्रीपती लाड, यांचे कथन ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने नोंदवले आहे. त्यात ते ‘लूट’ या शब्दालाच हरकत घेतात: इंग्रजांनी लुटलेले परत आणले, ती लूट कशी? ही हरकत कोणाला उद्देशून आहे? आजवर ज्यांनी ज्यांनी तो शब्द त्यांच्या तोंडावर वापरला असेल, त्या सर्वांना. म्हणजे त्या एका वाक्यात कित्येक वर्षांचे श्रोते उभे आहेत. ‘पत्री सरकार’ या नावाचेही तेच. पायांना खरोखर पत्र्या ठोकल्या की तळपायांवर नुसते फटके दिले, हा वाद सातारा-सांगलीच्या गावांत कथनाबरोबरच वाढला. ध्वनिमुद्रणाने त्यातली एक बाजू एका दुपारपुरती गोठते आणि अभ्यासक तिलाच संहिता म्हणू लागतात.

ध्वनिमुद्रण नको, असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाबाई पाटील २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. नोंद झाली नसती तर त्यांचे शब्द आज गावाबाहेर कोणाला ऐकू आले असते? माझा आक्षेप संग्राहकांवर नाही. संग्रहातील एका आविष्कारावरून परंपरेविषयी निवाडे देणाऱ्या आपल्या समीक्षेवर आहे. (आपण अभंगांच्या पाठभेदांवर आयुष्ये घालवतो, जिवंत माणसाच्या पाठभेदांसाठी दुसरी खेप करायला मात्र आपल्याला सवड नसते.)

प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी ज्यांना शिक्षा दिल्या, त्यांचीही घरे याच गावांत आहेत. पारावर ती हकीकत रंगते तेव्हा त्या घरातला एखादा नातू कडेला बसलेला असू शकतो, आणि सांगणाऱ्याला ते ठाऊक असते. तो एखादे नाव गिळतो, एखादा तपशील सौम्य करतो, कधी मुद्दाम आवाज चढवतो. कॅमेऱ्यासमोर तो नातू नसतो. पुढच्या खेपेला नातवांच्या पिढीचे कथन नोंदवायचे असेल तर तेच कथन तीनदा नोंदवा: शाळकरी पोरांपुढे, अभ्यासकापुढे आणि त्या नातवासमोर. आणि कॅमेरा एकदा तरी ऐकणाऱ्यांकडे वळवा.